नाना गेल्यावर तू जे करतेयस ना

अगं, सगळ्यात आधी हे ऐक. तुझं डोकं ठिकाणावर आहे. "पोरीच्या मनावर परिणाम झालाय" असं ज्यांनी कुणी तुझ्या कानावर घातलं, त्यांच्या बोलण्यावर रात्र रात्र जागून स्वतःला तपासत बसू नकोस.

श्रावणात नाना गेले, आता मार्गशीर्ष लागलाय. एवढ्या दिवसांत तू मला एकेक गोष्ट सांगितलीस, आणि प्रत्येक गोष्ट सांगताना आवाज खाली आणलास, जणू काही गुन्हाच कबूल करतेयस. नानांच्या मोबाइलवर दर महिन्याला रिचार्ज टाकतेस. मावा जलेबीच्या दुकानावरून जावं लागू नये म्हणून लांबचा वळसा घेऊन घरी येतेस, कारण दर रविवारी ती पुडी नाना आणायचे. आईने तेराव्याच्या आत नानांचे सगळे कपडे वाटून टाकले, तेव्हापासून तिच्याशी धड बोलत नाहीस. इंदूरची चांगली नोकरी सोडून शाहपूरकडची केळी स्वतः करायची म्हणतेस आणि बागेत एक दिवस पाणी भरलेलं नाहीस. वर आत्या म्हणतात म्हणून, ज्या मुलाला दोनदाच भेटलीस त्याच्याशी वर्षाच्या आत लग्न करायला होकार देऊन मोकळी व्हायला निघाली आहेस. काकांनी आणलेल्या कागदांवर सही करायचीही तुझी तयारी आहे, कारण "आता कशासाठी भांडायचं?"

या सगळ्या गोष्टी तू एकाच पोत्यात भरतेस आणि विचारतेस, "ताई, मी वेडी झालेय का?" आधी ते पोतं सोडूया. यातल्या काही गोष्टी निरुपद्रवी आहेत, उलट तुझ्या उपयोगाच्या आहेत. काही गोष्टींना थोडा वेळ द्यायचा आहे. आणि दोन मात्र अशा आहेत की त्या आज थांबवायच्या. मी प्रत्येकीला दोनच प्रश्न विचारते. ही गोष्ट तू नेमकी कशासाठी करतेयस? आणि सहा महिन्यांनी मन बदललं तर ती मागे घेता येईल का? लोक तिसराच प्रश्न विचारतात, हे शहाणपणाचं आहे की नाही. त्या प्रश्नाने दुःखातल्या माणसाला आजवर काही मदत झालेली मी पाहिली नाही.

मोबाइलपासून सुरुवात करू. तू म्हणालीस, "नाना नाहीत हे मला कळतं, मग मी हे का करते?" अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठात मेरी-फ्रान्सिस ओकॉनर नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत. जवळचं माणूस गेल्यावर मेंदूत काय चालतं यावर त्यांनी बरीच वर्षं काम केलंय, २०२२ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की मेंदू एकाच वेळी दोन गोष्टी धरून बसतो. एक म्हणजे आठवण: दवाखाना, घाट, चिता, सगळं लख्ख. दुसरी म्हणजे लहानपणापासून मुरलेली खात्री: आपलं माणूस आत्ता समोर नसलं तरी कुठेतरी आहे, परत येणार आहे. नाना शेतावर गेले की संध्याकाळी यायचे, मंडीत गेले की दुपारी यायचे. तीस वर्षं रोज खरी ठरलेली ही खात्री एका दिवसात पुसली जात नाही. वीज गेलीय हे माहीत असूनही खोलीत शिरताना हात बटणाकडे जातो ना, तसं हे आहे. तुझा मेंदू शिकतोय, आणि या शिकण्याला वेळ लागतो, कारण रोजच्या प्रत्येक वेळेला, प्रत्येक जागेला, प्रत्येक सणाला त्याला ते नव्याने शिकावं लागतं.

शिवाय झोप नाही, जेवणाचं ठिकाण नाही. अशा शरीराकडून मोठे हिशेब नीट होत नाहीत. तू एकच ओळ चारदा वाचतेस आणि गॅसवर दूध विसरतेस, याचं तुला भय वाटतं. सगळा जोर एकाच मोठ्या गोष्टीत अडकलाय, म्हणून बाकीच्यासाठी उरत नाही. मोठे निर्णय थोडे लांबव असं मी म्हणते ते एवढ्याचसाठी. तुझ्या समजेवर माझा विश्वास आहे. तुझ्या सध्याच्या झोपेवर नाही.

रिचार्ज चालू ठेव. मागे घेता येण्यासारखी गोष्ट आहे, महिन्याला थोडे पैसे जातात आणि त्या नंबरावर बँकेचे, गॅसचे, शेतीच्या अनुदानाचे मेसेज येत असतात. ती कामं पुरी होईपर्यंत तो नंबर तसाही लागणार आहे. ज्या दिवशी बंद करावासा वाटेल त्या दिवशी कर. १९९६ मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन या तीन अभ्यासकांनी एक पुस्तक संपादित केलं. गेलेल्या माणसाशी नातं तोडून टाकणं म्हणजेच सावरणं, ही पाश्चात्य मानसशास्त्रात घट्ट बसलेली समजूत त्यांनी मोडून काढली. बहुतेक माणसं नातं तोडत नाहीत, त्याचं रूप बदलून ते जवळ ठेवतात. आपल्याकडे पितृपक्षात पान वाढणारी, आखाजीला घागर भरणारी बाई हे कुणी न शिकवता करत आली आहे.

आता आपल्या बुऱ्हाणपूरचीच गोष्ट सांगते. ती आपण सगळे जाणतो, पण नेहमी एकाच बाजूने ऐकतो. १६३१ च्या जूनमध्ये इथल्या शाही किल्ल्यात मुमताजमहल गेली, चौदाव्या बाळंतपणात. शाहजहान दख्खनच्या मोहिमेसाठी इथे मुक्काम टाकून होता. तिला तापीपलीकडे झैनाबादच्या बागेत, आहुखान्यात दफन केलं. बादशहा आठवडाभर कुणासमोर आला नाही, गाणंबजावणं आणि रंगीत कपडे त्याने मोठ्या काळासाठी सोडले, दाढी बघता बघता पांढरी झाली, हे दरबारी इतिहासकारांनी लिहून ठेवलंय. पुढे ताजमहाल झाला आणि सगळी गोष्ट नवऱ्याच्या दुःखाची झाली.

पण त्या वाड्यात आईवेगळी झालेली सात मुलंही होती गं. थोरली जहाँआरा सतरा वर्षांची. दारा सोळाचा, शुजा पंधराच्या आसपास, औरंगजेब बारा वर्षांचा. सगळ्यात धाकटी गौहरआरा, जिच्या जन्मातच आई गेली. डिसेंबरमध्ये आईचा देह आहुखान्यातून काढून आग्र्याला न्यायचं ठरलं, तेव्हा त्या लांबच्या प्रवासात सोबत पाठवला तो शुजा. एवढ्या लहान मुलाला आईच्या शवपेटीबरोबर शेकडो मैल पाठवणं आज आपल्याला कसंसंच वाटेल. त्या घराला ते आपल्या माणसाला एकटं न सोडणं वाटलं असेल.

आणि जहाँआरा बघ. आईची एक कोटीच्या वर मालमत्ता होती. त्यातला अर्धा वाटा बादशहाने तिला दिला, उरलेला बाकीच्या भावंडांत वाटला. बेगमेचा मान आणि जबाबदारी सतरा वर्षांच्या मुलीवर आली. दाराचं लग्न मुमताजने जिवंतपणी ठरवलं होतं, नादिराबेगमशी. तयारी सुरू झाली होती, ती दुखवट्यात थांबली. ते लग्न १६३३ च्या फेब्रुवारीत लागलं, आणि त्याचा सगळा भार जहाँआराने उचलला. खर्च बत्तीस लाखांवर गेला, त्यातला निम्मा तिने स्वतःच्या पैशातून केला. दुष्काळ नुकताच सरलेला, आई जाऊन दोन वर्षंही झाली नव्हती. बाहेरून बघणाऱ्याला एवढा खर्च उधळपट्टीच वाटेल. आईने अर्धवट टाकलेलं काम लेकीने पुरं केलं, असं म्हटलं की तोच खर्च वेगळा दिसतो.

तिने लग्न केलं नाही. १६५८ मध्ये औरंगजेबाने बापाला आग्र्याच्या किल्ल्यात कोंडलं, तेव्हा मोकळं राहणं तिला शक्य होतं. ती बापाबरोबर आत जाऊन राहिली, १६६६ च्या जानेवारीत तो मरेपर्यंत. पुढे औरंगजेबानेच तिला पुन्हा मानाने दरबारात आणलं. सत्तेचा हिशेब मांडणारा माणूस म्हणेल की तिने पडत्या बाजूला आठ वर्षं वाया घालवली. मला त्या आठ वर्षांत सतरा वर्षांची मुलगी दिसते, जिला एक पालक अचानक गमवावा लागला आणि जिने दुसऱ्याला शेवटपर्यंत एकटं सोडलं नाही.

हे तुला एवढं सविस्तर सांगते, कारण दुःखात घेतलेल्या निर्णयाचं कारण बहुतेक वेळा वरच्या कृतीत दिसत नाही. ते गेलेल्या माणसाच्या अर्धवट राहिलेल्या कामात किंवा त्याच्याशी असलेल्या आपल्या नात्यात असतं. आपल्या खानदेशातच बघ. बहिणाबाई चौधरी १९५१ च्या डिसेंबरात गेल्या. अक्षरओळख नसलेली शेतकरीण जात्यावर, शेतात गाणी म्हणायची, ती घरातल्यांनी वहीत टिपून ठेवलेली. आई गेल्यावर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ मध्ये पुस्तक झालं. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी होते, स्वतःचं लिहायला मोकळे होते. ते आईची वही घेऊन निघाले.

सगळ्यांचं असं सुरेख जुळत नाही, तेही सांगायला हवं. इंग्लंडमधल्या हेलन मॅकडोनल्ड यांचे वडील छायाचित्रकार होते. २००७ मध्ये ते अचानक गेले. त्यानंतर हेलननी काय केलं असेल? गोशॉक नावाचा, माणसाळायला अतिशय अवघड असा शिकारी पक्षी विकत आणला आणि महिनोन्महिने त्याला शिकवण्यात घालवले. घर बंद, माणसं तोडलेली, दिवसभर तो पक्षी. लहानपणापासूनचं वेड होतं ते, आणि वडिलांनीच त्यांना शांत राहून पक्षी न्याहाळायला शिकवलं होतं. पक्ष्याने त्यांना तगवलं हे खरं. पण त्याच्या नादात त्या माणसांतून उठत चालल्या होत्या, हेही तितकंच खरं. शेवटी डॉक्टरांकडे जाऊन औषध घ्यावं लागलं. २०१४ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकात दोन्ही गोष्टी प्रामाणिकपणे लिहिल्या आहेत. म्हणून मी तुला सांगते, कारण समजलं म्हणजे तो निर्णय चांगलाच ठरतो असं धरू नकोस. कारण समजलं की तुझी जी गरज आहे ती भागवायचे दुसरे रस्तेही दिसायला लागतात, एवढा त्याचा उपयोग.

आता केळी. तू कशासाठी करायची म्हणतेस? मागच्या वेळी तूच म्हणालीस, "ताई, नानांनी जूनमध्ये स्वतःच्या हाताने मृगबाग लावली. ती दुसऱ्याने कापलेली मला बघवणार नाही." बघ, उत्तर तुझ्या बोलण्यातच आहे. तुला आयुष्यभर शेती करायचीय की नाही हे अजून तुलाच माहीत नाही. नानांनी लावलेली ही एक बाग निघेपर्यंत तुला तिथे असायचंय. मग नोकरीचा राजीनामा कशाला देतेस? दोन-तीन महिन्यांची बिनपगारी रजा माग. नाही मिळाली तर शनिवार-रविवार ये, इंदूर काही परदेशात नाही. नानांचा जुना सालदार अजून आहे. त्याच्याबरोबर बागेत हिंड. ठिबकच्या नळ्या कुठे तुंबतात, पिलं केव्हा कापायची, निसवण कशी ओळखायची, वादळवाऱ्यात घडाचं झाड कसं सावरायचं, हे त्याच्याकडून शीक. मंडीत लिलावाला एकदा स्वतः उभी राहा, भाव पडल्यावर पोटात कसा गोळा येतो ते कळू दे. पुढच्या वर्षी बाग निघेल तेव्हा तुझ्या हातात एका हंगामाचा हिशेब असेल आणि डोकंही आजच्यापेक्षा शांत असेल. त्यानंतर राजीनामा द्यायचा ठरवलास तर मी स्वतः तुझ्या बाजूने काकांशी बोलेन.

भावाशी तुझं जे भांडण चाललंय, त्यावरून मला त्या घाटावरच्या सकाळबद्दल बोलायचंय. दहाव्याला तापीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. अर्धा तास सगळे हात जोडून उभे. मग कुणीतरी म्हणालं, "नानांचा जीव कशात अडकलाय ते बोला." आणि तुझा भाऊ भरल्या गळ्याने बोलून गेला, "नाना, जमिनीचा तुकडाही विकणार नाही." तेवढ्यात कावळा आला. आता तो पुण्यात घराच्या हप्त्यांखाली दबलाय, जमिनीचं काहीतरी करू म्हणतोय, आणि तू त्याला वचन मोडणारा ठरवलंस.

त्या रीतीची मी थट्टा करणार नाही. मला ती फार जवळची वाटते. एरवी ज्या घरात बापाची काळजी कुणी शब्दांत आणत नाही, तिथे दहाव्या दिवशी सगळ्यांदेखत मुलांना विचारावं लागतं: यांना काय हवं होतं? पण विचार कर. कावळा आला नसता तर भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला असता. म्हणजे आपल्या शास्त्रानेही मागे राहिलेल्यांना त्या घाटावर कायमचं अडकवून ठेवलेलं नाही. तुझ्या भावाने त्या क्षणी जे सुचलं ते बोललं, आणि ते मनापासून बोललं. तेव्हा त्याच्याशी भांडायच्या आधी दोघं बसा आणि हे बोला: नानांना खरी काळजी कशाची होती? मला आठवतं ते सांगते. आईला कुणापुढे हात पसरावा लागू नये आणि तुम्ही दोघं एकमेकांना धरून राहावं, हे ते सारखं म्हणायचे. जमीन हे त्याचं साधन होतं. काही वर्षं बटाईने देऊन आईच्या खात्यात पैसे आले तर तेही त्या वचनात बसतं. काय ठरवायचं ते तुम्ही ठरवा. मात्र भावाला खोटारडा ठरवू नकोस.

आईबद्दलही थोडं. तिने कपडे वाटले, तुला वाटलं तिने नानांना घरातून काढलं. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या नेदरलँड्समधल्या दोन अभ्यासकांनी १९९९ मध्ये एक गोष्ट मांडली, ती आपल्या घराला लागू पडते. दुःखातलं माणूस दोन टोकांत जात-येत असतं. कधी गेलेल्या माणसाकडे पूर्ण वळतं, रडतं, वस्तू कुरवाळतं. कधी त्याकडे पाठ करून कामाला लागतं, कपाट आवरतं, बिलं भरतं. दोन्हीची गरज असते. घोळ कुठे होतो, तर एका घरात सगळे एकाच वेळी एकाच टोकाला नसतात. तू आठवणीकडे वळलीस त्या दिवशी आई कामाकडे वळलेली होती. तिच्या डोळ्यांसमोर ते सदरे दोरीवर, खुंटीवर, कपाटात, दिवसातून वीस वेळा येत होते. तिला ते सोसवेना. तू तिला एकदा विचार, "आई, एकही ठेवला नाहीस का?" मला वाटतं, एखादा तिच्या पेटीत असेल. नसला तरी विचारल्याने तुमच्यातला अबोला सुटेल. आणि भाऊ तेरावा झाल्यावर लगेच कामावर गेला, रडला नाही, म्हणून त्याला दुःख नाही असंही धरू नकोस. दुःखाच्या पाच पायऱ्या म्हणून जे सांगत फिरतात, त्याही त्याला लावू नकोस आणि स्वतःलाही. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी त्या क्रमाने चढाव्यात असा काही नियम नाही.

आता त्या दोन गोष्टी.

पहिली, लग्न. घरातलं वडीलधारं गेलं की लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, असं आपल्याकडे म्हणतात. या रीतीमागे माया आहे, मला माहीत आहे. घरात पुन्हा मंगलकार्य व्हावं, पोरीचं वय अडू नये, बापामागे तिला कुणीतरी आपलं माणूस मिळावं. पण तूच मला काय म्हणालीस? "घरात सगळे हसतील तरी." राणी, घर हसवण्यासाठी लग्न करू नकोस. तो मुलगा वाईट आहे असं मी म्हणत नाही, मी त्याला ओळखतही नाही, आणि तूही ओळखत नाहीस. सध्या ज्याचा आवाज शांत असेल, जो खांद्यावर हात ठेवेल, तो माणूस तुला आपला वाटणार. त्यात तुझा दोष नाही, पण त्यावर आयुष्य टाकता येत नाही. मुलगा चांगला असेल तर भेटत राहा, दोघांनी एकमेकांना बघा. त्याला खरंच तू हवी असशील तर तो थांबेल. आत्यांना सांग, "मला वेळ हवा आहे." जास्त कारणं देऊ नकोस. आणि फार बोलल्या तर मला बोलाव, मी त्यांच्याशी बोलेन. दाराच्या लग्नालाही बादशहाच्या घराने दीड वर्षाच्या वर दम धरला होता, हे त्यांना सांगितलंस तरी चालेल.

दुसरी, काकांचे कागद. इथे मी मऊ बोलणार नाही. नानांनी मृत्युपत्र केलेलं नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्यांच्या स्वतःच्या मिळकतीत आई, तू आणि तुझा भाऊ हे पहिल्या वर्गाचे वारस, वाटे सारखे. आजी असती तर तिचाही वाटा आला असता. वडिलोपार्जित मिळकतीतही २००५ च्या दुरुस्तीने लेकीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळालाय. तहसिलीत वारसांची नावं लावायचं नामांतरण वेगळं आणि तू तुझा हक्क सोडण्याचा कागद वेगळा. काकांच्या फायलीत नेमकं काय आहे ते तू वाचलेलंही नाहीस. हक्कसोडीच्या दस्ताची एकदा नोंदणी झाली की तो फिरवायला कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि तरीही फिरेल याची खात्री नसते. आपल्याकडच्या किती लेकींनी दुखवट्याच्या दिवसांत, डोळ्यांतलं पाणी खळलेलं नसताना, "भावाच्या विरुद्ध कशाला जाऊ" म्हणून अंगठे उठवले, सह्या दिल्या. तुला उद्या भावाला वाटा द्यायचाच असेल तर खुशाल दे, तो तुझा अधिकार. पण पुरी झोप झालेली असताना, कागद घरी आणून, स्वतःच्या वकिलाला दाखवून, आईच्या आयुष्याची सोय बघून दे. तोवर काकांना एवढंच सांग: "वर्षश्राद्ध होईपर्यंत मी कशावरही सही करणार नाही." रागाने सांगू नकोस, पण ठामपणे सांग.

आणि एक वचन मला दे. काही खुणा दिसल्या तर लपवायच्या नाहीत. महिनोन्महिने झोप लागत नाही, कामावर जाणं जमत नाही, नानांच्या विचाराशिवाय दिवसात दुसरं काही उरत नाही, कुणी जवळ नको वाटतं, किंवा आपणही नानांकडे जावं असं मनात येतं. हे शेवटचं एकदाही मनात आलं तर त्याच क्षणी मला फोन कर, रात्रीचे तीन वाजलेले असले तरी. लांबलेल्या तीव्र दुःखाला आता डॉक्टरही आजार म्हणून ओळखतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीत त्यासाठी निदान सहा महिन्यांची मुदत धरली आहे, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी मोठ्यांसाठी एक वर्षाची. त्यावर उपचार आहेत आणि ते उपयोगी पडतात. सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या नंबरावर चोवीस तास, फुकट मिळते, आपल्या भाषेत बोलता येतं. तिथे फोन करायला आजारी असावंच लागतं असंही नाही.

पुढे पहिली आखाजी येईल. घरी येशील, आमरस-सांजोऱ्या होतील, नानांच्या नावाची घागर भरायची असेल. त्या दिवशी सगळं पुन्हा पहिल्या दिवसासारखं वाटेल, आणि तुला वाटेल की इतक्या महिन्यांची मेहनत पाण्यात गेली. तसं होणार नाही, एवढं आत्ताच ध्यानात ठेव. सणाला, वाढदिवसाला, वर्षश्राद्धाला दुःख उसळतं आणि पुन्हा बसतं. त्या दिवसांच्या आसपास मात्र कुठलाही मोठा निर्णय ठेवू नकोस.

रविवारी मी येते. दोघी बसून नानांच्या फाईली लावू, बँकेत काय द्यायचंय ते बघू, आणि तुझ्या रजेचा अर्ज लिहू. नाना गेल्यापासून तू जे जे केलंस, त्यात लाज वाटावी अशी एकही गोष्ट मला दिसत नाही. लग्नाचा होकार आणि काकांच्या कागदावरची सही, या दोन गोष्टी थांबव. बाकीचं तुला जमेल तसं, तुझ्या चालीने कर, आणि मला सांगत राहा.